दूरचा नेम आणि गोळीचे वजन

इंग्लंडमधील बिस्ली येथे दर वर्षी जुलै महिन्यात रायफल-नेमबाजीच्या मोठ्या स्पर्धा भरतात. त्यांतील राजपारितोषिकाची अखेरची फेरी ९०० व १,००० यार्डांवरून होते. १,००० यार्ड म्हणजे ९१४ मीटर, जवळजवळ एक किलोमीटर. इतक्या अंतरावर उभा असलेला माणूस हात लांब करून धरलेल्या मोहरीच्या दाण्याएवढा दिसतो. अशा ठिकाणी ठेवलेल्या लक्ष्याचा मध्य साधण्यासाठी नेमबाज जी गोळी सोडतो, तिचे वजन अवघे दहा-बारा ग्रॅम असते.

या गोळीचे वजन नेमके किती असावे, हा प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटतो. हलकी गोळी वेगाने जाते, म्हणून ती चांगली, असे एकास वाटेल. जड गोळी वाऱ्याला दाद देत नाही, म्हणून ती चांगली, असे दुसरा म्हणेल. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. गेल्या दोनशे-अडीचशे वर्षांत गणितज्ञ, अभियंते आणि नेमबाज या सर्वांनी मिळून त्याचे उत्तर शोधले. त्या उत्तरामागील तत्त्वे शाळेत शिकविल्या जाणाऱ्या पदार्थविज्ञानापलीकडची नाहीत.

ग्रेन आणि तोळा

गोळीचे वजन जगभर अजूनही ‘ग्रेन’ या जुन्या मापात सांगितले जाते. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. एक ग्रेन सुमारे ०.०६५ ग्रॅम भरतो. भारतीय वाचकाला हे माप वाटते तितके परके नाही. इ. स. १८३३ मध्ये कंपनी सरकारने जो तोळा प्रमाण म्हणून ठरविला, तो बरोबर १८० ग्रेनचा होता. म्हणजे ७.६२ मिलिमीटर रायफलीच्या स्पर्धेत वापरली जाणारी १५५ ग्रेनची गोळी जुन्या तोळ्याहून थोडी हलकी, आणि १९० ग्रेनची गोळी तोळ्याहून किंचित जड. ग्रॅममध्ये सांगावयाचे तर पहिली १० ग्रॅमची आणि दुसरी १२.३ ग्रॅमची. हा दोन-सव्वादोन ग्रॅमचा फरक हातावर तोलून जाणवणारही नाही. परंतु हजार यार्डांवर तो स्पष्ट दिसून येतो.

हवा हाच मुख्य अडथळा

नळीतून बाहेर पडलेल्या गोळीवर दोन प्रेरणा कार्य करतात: पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण आणि हवेचा विरोध. गुरुत्वाकर्षण सर्वांना ठाऊक असल्यामुळे तेच प्रमुख असावे, असा समज होतो. वस्तुस्थिती उलट आहे. सेकंदास ८५० मीटर वेगाने जाणाऱ्या दहा ग्रॅमच्या गोळीवर हवेचा जो विरोध होतो, तो तिच्या स्वतःच्या वजनाच्या पन्नास ते साठ पट असतो.

ही गोष्ट प्रथम प्रयोगाने दाखविणारा शास्त्रज्ञ म्हणजे बेंजामिन रॉबिन्स. इ. स. १७४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या तोफविद्येवरील ग्रंथात त्याने एक साधे उपकरण वर्णिले. लाकडाचा जड ठोकळा लंबकासारखा टांगावयाचा, त्यावर गोळी झाडावयाची, आणि लंबक किती मागे सरला हे मोजून गोळीचा वेग काढावयाचा. निरनिराळ्या अंतरांवरून झाडलेल्या गोळ्यांचे वेग मोजता येऊ लागले, तेव्हा त्या वाटेत किती वेग गमावतात हे उघड झाले. तोपर्यंत हवेचा विरोध नगण्य मानून केलेली अनेक गणिते निरुपयोगी ठरली. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता म्हणून भारतात आला आणि इ. स. १७५१ मध्ये कडलूरजवळील सेंट डेव्हिड किल्ल्यात मरण पावला.

गुरुत्वाकर्षणाने गोळी खाली येते, हे खरे. हजार यार्डांच्या प्रवासात ती नळीच्या रेषेपासून दहा-अकरा मीटर खाली उतरते. परंतु ही उतरण दर वेळी जवळजवळ तेवढीच असते. नेमसाधन तेवढे वर चढविले की काम भागते. जो शत्रू रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या वाटेने येतो, त्याचे भय नसते. हवेचे तसे नाही. ती कधी दाट असते, कधी विरळ. कधी स्थिर, तर कधी वाहती. गोळीचे वजन निवडताना खरा विचार करावा लागतो तो हवेचा.

वजन आणि छेद

खळ्यावर उफणणी करणाऱ्या शेतकऱ्याला या विषयाचे मर्म अनुभवाने माहीत असते. सुपातून एकाच उंचीवरून दाणा आणि भुसा दोन्ही सोडले, तर दाणा पायाशी पडतो आणि भुसा वाऱ्याबरोबर दूर जातो. भुशाचा पसारा मोठा, वजन थोडे. दाण्याचा पसारा लहान, वजन अधिक. हवेचा विरोध वस्तूच्या समोरच्या छेदावर आणि आकारावर अवलंबून असतो. त्या विरोधाला तोंड देण्याची शक्ती मात्र वस्तुमानावर अवलंबून असते. वस्तुमानाला छेदाने भागले असता जी राशी मिळते, ती जितकी मोठी तितकी वस्तू आपला वेग अधिक टिकवून धरते.

एका विशिष्ट रायफलीच्या नळीचा व्यास ठरलेला असतो. म्हणून गोळीचा व्यासही ठरलेलाच. ७.६२ मिलिमीटरच्या रायफलीत गोळीचा प्रत्यक्ष व्यास, खाचांसह, ७.८२ मिलिमीटर असतो. तो वाढविता येत नाही. तेव्हा गोळी जड करावयाची म्हणजे ती लांब करावयाची, एवढाच मार्ग उरतो. गोळीची लांबी वाढली की तिचे वस्तुमान वाढते, पण छेद तोच राहतो. त्यामुळे हवेच्या विरोधाने होणारी तिची मंदगती त्या प्रमाणात कमी होते. शिवाय लांब गोळीचे अग्र अधिक निमुळते करता येते आणि मागचा भाग होडीच्या मागील टोकासारखा किंचित अरुंद करता येतो. असे केल्याने मागे उत्पन्न होणारी पोकळी लहान होते व विरोध आणखी घटतो.

इ. स. १८५७ मध्ये इंग्लंडमधील हाइथ येथे झालेल्या चाचणीत हे तत्त्व ठळकपणे दिसून आले. सैन्याची एन्फील्ड रायफल आणि अभियंता जोसेफ व्हिटवर्थ याने बनविलेली षट्कोनी नळीची रायफल यांची तेथे तुलना झाली. दोन्ही रायफलींच्या गोळ्यांचे वजन सारखेच, म्हणजे सुमारे ५३० ग्रेन होते. एन्फील्डचा व्यास ०.५७७ इंच होता, व्हिटवर्थचा ०.४५१ इंच. तेच शिसे व्हिटवर्थने अरुंद आणि लांब साच्यात ओतले होते. १,१०० यार्डांवर एन्फील्डच्या गोळ्यांचे विचलन व्हिटवर्थच्या सुमारे तिप्पट भरले. १,४०० यार्डांवर एन्फील्डला लक्ष्याचा वेध घेताच आला नाही. नुसते वजन पुरेसे नाही, वजन आणि छेद यांचे गुणोत्तर महत्त्वाचे, हा धडा येथे मिळाला. इ. स. १८६० मध्ये विंबल्डन येथील पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचा आरंभ व्हिक्टोरिया राणीने जी गोळी झाडून केला, ती व्हिटवर्थ रायफलीतूनच. या स्पर्धा इ. स. १८९० मध्ये विंबल्डनहून बिस्लीला आल्या.

मग सर्वांत जड गोळीच का नको?

एवढ्यावरून कोणी म्हणेल की, जितकी जड तितकी चांगली. परंतु निसर्ग एका हाताने देतो तेव्हा दुसऱ्या हाताने काही तरी घेतोच. काडतुसात मावणारी दारू मर्यादित असते, आणि नळी व बोल्ट यांना सोसवेल इतकाच वायूचा दाब निर्माण करता येतो. दारूपासून मिळणारी ऊर्जा जवळजवळ ठरलेली असल्यामुळे जड गोळीला कमी वेग मिळतो. राखणीच्या शेतात गोफण फिरविणाऱ्याचा अनुभवही असाच आहे. फार लहान खडा झटकन सुटतो पण लगेच दमतो. फार मोठा गुंडा हातातून नीट सुटतच नाही. मधला कोठला तरी गुंडा सर्वांत दूर जातो.

लांब नळीच्या स्पर्धा-रायफलीत १५५ ग्रेनच्या गोळीला सेकंदास सुमारे ९०० मीटर वेग देता येतो. १९० ग्रेनच्या गोळीला सुमारे ७९० मीटर. जड गोळी मागून निघते, पण वाटेत कमी दमते. पहिल्या काही शे मीटरांत हलकी गोळी पुढे असते. पुढे अंतर जसजसे वाढते तसतशी दोघींच्या वेगांतील तफावत कमी होत जाते, आणि अखेर जड गोळीचा वेग अधिक ठरतो. ही बरोबरी किती अंतरावर होईल, हे दोन्ही गोळ्यांच्या आकारावर अवलंबून असते. ३०० यार्डांची स्पर्धा आणि १,२०० यार्डांची स्पर्धा यांस एकच गोळी सारखी योग्य का नसते, याचे कारण हेच.

जड गोळीची दुसरी किंमत नेमबाजाच्या खांद्याला द्यावी लागते. क्रियेइतकीच प्रतिक्रिया असते, या नियमाने रायफल मागे येते. १० ग्रॅम व ९०० मीटर यांचा गुणाकार आणि १२.३ ग्रॅम व ७९० मीटर यांचा गुणाकार करून पाहिले असता दुसरा सुमारे आठ टक्क्यांनी मोठा भरतो. एका गोळीला हा फरक लहान वाटेल. दिवसभरात अनेक फैरी झाडणाऱ्याला तो लहान नसतो. कारण धक्क्याची धास्ती बसलेला नेमबाज चाप ओढताना नकळत दचकतो, आणि त्या एका दचकण्याने गोळीचा सारा गुण वाया जातो.

वारा आणि ‘विलंब’

दूरच्या नेमबाजीत सर्वांत अधिक गुण घालवितो तो आडवा वारा. त्यासंबंधी एक चुकीची कल्पना पुष्कळांच्या मनात असते: वारा गोळीच्या कुशीवर आदळतो आणि तिला बाजूला लोटतो. तसे असते तर लांब कुशीच्या जड गोळीला वारा अधिक बाधला असता. प्रत्यक्षात फिरणारी स्थिर गोळी आपले नाक समोरून येणाऱ्या हवेच्या दिशेला वळविते. आडवा वारा असला की ही दिशा किंचित तिरपी होते. आता हवेचा विरोध गोळीला सरळ मागे न ओढता थोडा तिरपा ओढतो, आणि त्या तिरपेपणाने गोळी वाऱ्याबरोबर सरकते. म्हणजे गोळीला बाजूला नेणारे कारण वाऱ्यामुळे तिरपा झालेला हवेचा विरोधच होय. विरोध नसता, तर सरकणेही नसते.

यावरून एक सुंदर नियम निघतो. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच सेनाधिकारी इझिडोर डिडियाँ यांच्या नावाशी तो जोडला जातो. गोळीला लक्ष्यापर्यंत जाण्यास प्रत्यक्ष किती वेळ लागला, हे घ्यावे. हवा नसती तर किती लागला असता, ते त्यातून वजा करावे. जी बाकी उरते तिला ‘विलंब’ म्हणू. या विलंबाला आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणले की गोळी किती सरकली ते मिळते.

उदाहरणार्थ, दोन गोळ्यांची कल्पना करावी. दोन्ही ९१४ मीटर अंतर १.६५ सेकंदांत कापतात. पहिली, जड गोळी सेकंदास ८५० मीटर वेगाने निघाली. हवा नसती तर तिला १.०७५ सेकंद लागले असते. म्हणून तिचा विलंब ०.५७५ सेकंद. दुसरी, हलकी गोळी ९३० मीटर वेगाने निघाली. निर्वात जागी तिला ०.९८३ सेकंद लागले असते. तिचा विलंब ०.६६७ सेकंद. आता सेकंदास तीन मीटर वेगाचा आडवा वारा वाहत आहे असे मानले, तर पहिली गोळी १.७ मीटर सरकेल आणि दुसरी २ मीटर. दोघी एकाच वेळी पोचल्या. तरी जी अधिक वेगाने निघाली तीच अधिक वाहवली. वेग किती होता यापेक्षा वेग किती गमावला, याला येथे महत्त्व आहे.

या दोहोंतील ३० सेंटिमीटरांचा फरक म्हणजे हजार यार्डांवर कोनाची एक ‘कला’ किंवा तीहून किंचित अधिक. (एका अंशाच्या साठाव्या भागास कला म्हणतात, ९१४ मीटरवर ती सुमारे २७ सेंटिमीटर भरते.) निष्णात नेमबाजांच्या स्पर्धेत एवढ्या फरकाने विजेता बदलतो. अर्थात जड गोळी वारा नाहीसा करीत नाही. वाऱ्याचा अंदाज चुकला तर त्या चुकीचा दंड ती थोडा हलका करते. निशाणे, गवत आणि मृगजळाची थरथर पाहून वारा वाचण्याची विद्या नेमबाजाला शिकावीच लागते.

भोवऱ्याचा नियम

लांब गोळी हवेत नाक पुढे ठेवून राहावी, यासाठी तिला फिरवावे लागते. भोवरा फिरतो तोवर उभा राहतो, फिरणे मंदावले की लवंडतो. रायफलीच्या नळीत आतून पेचदार खाचा असतात. त्या गोळीला हा फिरका देतात. ३०५ मिलिमीटरांत, म्हणजे १२ इंचांत, एक फेरा देणाऱ्या नळीतून ८५० मीटर वेगाने निघालेली गोळी सेकंदास सुमारे २,८०० फेरे घेत असते.

गोळी जितकी लांब, तितका अधिक फिरका तिला लागतो. वुलिच येथील गणिताचे प्राध्यापक आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी इ. स. १८७९ मध्ये यासाठी एक सोपा नियम दिला. गोळीची लांबी व्यासाच्या पटीत मोजावी. १५० या संख्येला तिने भागावे. भागाकार येईल तितक्या व्यासांच्या अंतरात पीळ एक फेरा पूर्ण करणारा असावा. या नियमाने २९ मिलिमीटर लांबीच्या गोळीला सुमारे ३१६ मिलिमीटरांत एक फेरा पुरतो. ३४ मिलिमीटर लांबीच्या गोळीला मात्र सुमारे २७० मिलिमीटरांत एक फेरा हवा. तेव्हा ३०५ मिलिमीटरांच्या पिळाच्या रायफलीत पहिली गोळी स्थिर जाईल, दुसरीची खात्री देता येणार नाही. हा नियम ढोबळ आहे, आणि आज अधिक सूक्ष्म सूत्रे वापरली जातात. परंतु त्यातील मुख्य सूचना अजून खरी आहे. गोळी विकत घेण्यापूर्वी आपल्या नळीचा पीळ माहीत असला पाहिजे. पीळ एकदा कोरला की बदलत नाही; गोळी बदलता येते.

उलट, हवा त्याहून फार जलद फिरकाही चांगला नव्हे. कोणत्याही गोळीचा गुरुत्वमध्य तिच्या अक्षावर तंतोतंत नसतो. फिरका जितका जलद, तितका हा सूक्ष्म दोष बाहेर येतो. म्हणून १५५ ग्रेनच्या गोळीसाठी स्पर्धक बहुधा १३ इंचांत एक फेरा, असा मंद पीळ पसंत करतात.

लांबी आणि वजन या दोन गोष्टी नेहमी हातात हात घालून चालतातच असे नाही. ब्रिटिश सैन्याच्या ०.३०३ इंची रायफलीची गोळी आधी २१५ ग्रेनची व बोथट नाकाची होती. इ. स. १९१० मध्ये तिच्या जागी १७४ ग्रेनची टोकदार गोळी आली. वेग सेकंदास सुमारे ६३० मीटरांवरून ७४४ मीटरांवर गेला. या नव्या गोळीच्या टोकात शिशाऐवजी अ‍ॅल्युमिनियमसारखा हलका पदार्थ भरलेला असे. वजन घटले, तरी लांबी व टोकदारपणा राखला गेला. ही काडतुसे पुण्याजवळील खडकी येथे इ. स. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या कारखान्यातही तयार होत. एकेचाळीस ग्रेन वजन कमी करूनही गोळीची योग्यता वाढली, ती आकारामुळे.

ध्वनीच्या वेगाचा उंबरठा

हवेतील ध्वनीचा वेग १५ अंश सेल्सिअस तापमानात सेकंदास सुमारे ३४० मीटर असतो. गोळी याहून पुष्कळ अधिक वेगाने निघते आणि वाटेत हळूहळू या वेगाजवळ येते. त्या सीमेवर तिच्याभोवतीच्या हवेची रचना झपाट्याने बदलते. जी गोळी आतापर्यंत शांत होती, ती तेथे डगमगू शकते. दूरच्या नेमबाजीतील व्यवहार्य नियम असा की, लक्ष्यावर पोचेपर्यंत गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाहून निश्चितपणे अधिक राहिला पाहिजे.

या दृष्टीने सैन्याची ७.६२ मिलिमीटरची सुमारे १४७ ग्रेनची सामान्य गोळी हजार यार्डांना अपुरी पडते. ती तेथे पोचण्यापूर्वीच ध्वनीच्या वेगाखाली येते. वजन वाढवूनही हा प्रश्न आपोआप सुटत नाही. ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी अमेरिकेत १६८ ग्रेनची एक गोळी तयार झाली. त्या अंतरावर ती अत्यंत अचूक ठरली. परंतु तिचा मागील भाग फार तीव्र कोनात निमुळता केलेला असल्यामुळे ध्वनीच्या उंबरठ्यावर ती अस्थिर होई, आणि हजार यार्डांवर तिच्यापेक्षा हलकी १५५ ग्रेनची गोळी अधिक भरवशाची वाटे. पुढे १७५ ग्रेनची गोळी आली, तिचा मागील कोन सौम्य ठेवण्यात आला. ती हजार यार्डांपर्यंत नीट जाऊ लागली.

हवामानाचाही येथे संबंध येतो. थंड हवा दाट असते. उष्ण आणि उंचावरील हवा विरळ असते. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटर उंचीवर हवेची घनता सुमारे अठरा टक्क्यांनी कमी असते. अशा मैदानावर हलकी गोळीही हजार यार्ड सहज पार करते. तीच गोळी समुद्राकाठच्या थंड सकाळी कमी पडू शकते. म्हणून एका मैदानावरचा अनुभव दुसऱ्या मैदानावर जसाच्या तसा लावणे धोक्याचे असते.

जेव्हा गोळी मैदानापेक्षा लांब जाते

योग्य वजन ठरविताना केवळ लक्ष्याचाच नव्हे, तर लक्ष्यामागील भूमीचाही विचार करावा लागतो. अमेरिकेच्या इतिहासात याचे एक बोधप्रद उदाहरण आहे. तेथील सैन्याने इ. स. १९०६ मध्ये १५० ग्रेनची सपाट बुडाची गोळी स्वीकारली. तिचा अधिकतम पल्ला ४,७०० यार्ड असल्याचे मानले जात होते. पहिल्या महायुद्धात मशिनगनचा दूरचा मारा करण्याची वेळ आली, तेव्हा गोळ्या अपेक्षित जागी पोचत नाहीत असे दिसून आले. नंतर प्रत्यक्ष मोजणी केली असता खरा पल्ला सुमारे ३,४०० यार्डच भरला. कागदावरचे गणित कोणी मैदानावर पडताळून पाहिले नव्हते.

तेव्हा सैन्याने सुमारे १७३ ग्रेनची, मागे निमुळती होणारी गोळी तयार केली. तिचा पल्ला साडेपाच हजार यार्डांच्या घरात गेला. ती अचूकही होती. पण आता वेगळीच अडचण उभी राहिली. सरावाची अनेक मैदाने जुन्या गोळीच्या पल्ल्यावरून आखलेली होती. लक्ष्याच्या वरून निसटलेली एखादी नवी गोळी मैदानाची हद्द ओलांडून वस्तीत पडण्याचा संभव निर्माण झाला. इ. स. १९३० नंतरच्या दशकात सैन्य पुन्हा सुमारे १५० ग्रेनच्या गोळीकडे वळले. शास्त्रदृष्ट्या सरस असलेली गोळी त्या मैदानांवर अयोग्य ठरली, कारण तिच्या वाटेत माणसे राहत होती. कोणत्याही मैदानावर गोळीच्या निवडीपूर्वी तेथील सुरक्षा-नियम का वाचावयाचे, हे या एका उदाहरणावरून कळते.

नियम आणि कौशल्य

क्रीडास्पर्धेत निवडीवर आणखी एक बंधन असते, ते समानतेचे. इ. स. १८७६ मध्ये अमेरिकेतील क्रीडमूर येथे सुरू झालेली पाल्मा स्पर्धा आज ८००, ९०० व १,००० यार्डांवरून खेळली जाते. या प्रकारच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ७.६२ मिलिमीटर रायफलीची गोळी १५६ ग्रेनहून हलकीच असली पाहिजे, असा नियम आहे. पूर्वी आयोजकच सर्वांना एकसारखी काडतुसे देत. त्या प्रथेमागील हेतू या मर्यादेने राखला जातो. १५५ ग्रेनची गोळी हजार यार्डांसाठी आदर्श आहे म्हणून निवडलेली नाही; ती सर्वांना सारखीच अवघड आहे. मग वारा कोण अधिक चांगला वाचतो, यावर निकाल लागतो.

याउलट, बिस्लीलाच ‘मॅच रायफल’ नावाचा दुसरा प्रकार आहे. त्यात काडतूस तेच, पण गोळीच्या वजनाला ही मर्यादा नाही आणि अंतर १,००० ते १,२०० यार्ड. तेथे नेमबाज १९० ग्रेन किंवा त्याहून जड गोळ्या निवडतात. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यात इ. स. १८६२ पासून सुरू झालेल्या एल्को ढालीची स्पर्धा याच प्रकारात होते. मोकळीक मिळताच अनुभवी हात जड गोळीकडे वळतात, ही गोष्ट वर सांगितलेल्या तत्त्वांचा पुरावाच होय. मात्र याच मैदानांवर ३००, ५०० व ६०० यार्डांवरून होणारी एक सांघिक स्पर्धा आहे, इ. स. १८७१ पासून चालत आलेल्या या स्पर्धेचा चषक कोल्हापूरच्या राजांनी दिलेला असून तो त्यांच्या संस्थानाच्या नावानेच ओळखला जातो. तेवढ्या अंतरांवर हलकी गोळीही आपले काम चोख बजावते.

निवडीचा क्रम

या सर्व विवेचनावरून निवडीचा एक क्रम सांगता येईल. प्रथम स्पर्धेचे नियम व मैदानाची सुरक्षा-मर्यादा पाहावी. त्यांत न बसणारी गोळी कितीही गुणी असली तरी बाजूला ठेवावी. नंतर आपल्या नळीचा पीळ पाहावा. तो जेवढी लांब गोळी स्थिर ठेवील, तेवढीच विचारात घ्यावी. तिसरे, सर्वांत दूरच्या लक्ष्यावर, त्या मैदानाच्या सर्वांत थंड दिवशीही, गोळी ध्वनीच्या वेगाच्या वर राहील याची खात्री करावी. चौथे, उरलेल्या गोळ्यांत ज्या गोळीचा विलंब सर्वांत कमी, ती वाऱ्यासाठी उत्तम मानावी. पाचवे, तिचा धक्का आपल्याला दीर्घकाळ सोसतो की नाही, हे पाहावे.

आणि अखेर, प्रत्यक्ष झाडून पाहावे. प्रत्येक नळीचा स्वभाव थोडा निराळा असतो. शिवाय एकाच वजनाच्या गोळ्यांतही आरंभीचा वेग थोडा कमी-अधिक होतो. सेकंदास दहा मीटरांच्या फरकाने हजार यार्डांवर गोळी सुमारे पाव मीटर वर किंवा खाली लागते. म्हणून उत्तम वजनाच्या पण विषम गोळीपेक्षा मध्यम वजनाची पण एकसारखी गोळी अधिक गुण मिळवून देते. फैरींची नोंद, तापमान, वाऱ्याची दिशा आणि लक्ष्यावरील खुणा वहीत टिपून ठेवणारा नेमबाज काही महिन्यांत आपल्या रायफलीविषयी कोणत्याही कोष्टकापेक्षा अधिक जाणतो.

कोणत्याही एका गुणाला टोकापर्यंत नेल्याने उत्तम साधन तयार होत नाही. वेग वाढविला की तो टिकत नाही. वजन वाढविले की वेग घटतो. लांबी वाढविली की पीळ अपुरा पडतो. परस्परविरोधी गुणांचा मेळ कोठे बसतो, हे मोजून ठरवावे लागते. तोळाभर शिशाच्या गोळीचा असा मेळ बसविण्यासाठी रॉबिन्सच्या लंबकापासून आजच्या सूक्ष्म सूत्रांपर्यंत अडीच शतकांहून अधिक काळ लागला. आणि मैदानावर आडवे पडून निशाणांकडे पाहणाऱ्या नेमबाजाला तो दर वेळी नव्याने बसवावा लागतो.